डाव्या पायाचं काम

हेराल्ड. सदुसष्ट सालची, दोन दारांची.
लोहामंडीमागच्या गोदामात कांद्याच्या गोण्यांखाली सापडली
आणि किलोच्या भावाने मिळाली.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोकमान्यनगरात आली तेव्हा
उतरवायला पाच जण लागले.
सहावा मी, नुसत्या सूचना देणारा.

हिचं बॉनेट वर उघडत नाही.
दिवे, मडगार्डांसकट अख्खं नाकाड पुढे कलंडतं,
डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हटल्यासारखं.
मग पुढच्या चाकावर बूड टेकून
इंजिनशी निवांत बोलता येतं.
मला ते सोयीचं पडलं. उभं राहण्याचा माझा करार
वीस मिनिटांचा आहे; पुढे कॅलिपर कुरकुरतो.

दीड वर्ष.
शेवेच्या रिकाम्या पिशव्यांतून नट-बोल्ट,
पिशवीवर पेनाने: ‘डावं दार, वरचं बिजागर’,
‘कुठलं ते माहीत नाही’,
‘हेही माहीत नाही’.
सियागंजात ताहेरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
“इसका वायसर तो अब अजायबघर में मिलेगा,”
आणि तिसऱ्या खणातून काढून दिला.
वैजूने ब्लाउजच्या फितीने सीटची मापं घेतली,
रेक्झिन आणलं डाळिंबी.

बक्षीसाहेब आले, हात पाठीमागे बांधून
गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले,
“सीट काळी होती हिची. असो.
पण पत्र्याला एकही नवं भोक पाडू नका.
मूळ ते मूळ, मुळ्ये.”

मी मान हलवली.
माझं स्वतःचं मूळ
मी अकरा महिन्यांचा होईतो टिकलं.
मग ताप आला.
त्यानंतरचा मी सगळा जोडकामाचा:
एम. वाय.च्या वर्कशॉपातली लोखंडी पट्टी,
आईने टोचून शिवलेलं चामड्याचं बक्कल,
डाव्या बुटाला पावणेदोन इंचांचा जादा तळ.

त्या रात्री ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, दिवा न लावता.
वाकून क्लचच्या पेडलला हात लावला.
रबर एका कडेने झिजलेलं,
कुणाच्या तरी डाव्या पायाने, वर्षानुवर्षं.
टाच जरा तिरकी टेकत असणार त्याची.
हेवा वाटला नाही, असं नाही.

गेंदालाल पांचाळ म्हणाला, “विजय सुपर चलाई है?
क्लच भी बाएँ हाथ में, गियर भी बाएँ हाथ में.
तो पैर का क्या काम?”
त्याने खरादवर दांडा काढून दिला.
मूठ मी दिली,
माळ्यावर पडलेल्या माझ्या शाळेतल्या कुबडीची.
गिअरच्या दांड्याला मूठ, मुठीला स्कूटरचा क्लच,
तिथून केबल खाली पेडलपर्यंत.
केबल दोनदा तुटली. तिसऱ्यांदा मधे कप्पी घातली.
आणि कप्पीसाठी
भोक पाडलं.
ड्रिलच्या टोकावर पत्र्याची साल वळून आली,
बारीक, चकचकीत, बोरासारखी गरम.
खिशात टाकली. का, ते विचारू नका.

रविवारी पहाटे केसरबागेच्या रस्त्याला
गाडी पहिल्यांदा बंद पडली वाण्याच्या दुकानासमोर,
दुसऱ्यांदा तिथेच.
दूध आणायला निघालेला दामल्यांचा निहार थांबला,
“काय करून राहिले, काका?”
आमच्या गावात मराठी अशीच बोलतात,
काम कधी संपत नाही तिच्यात.
“करून राहिलोय,” मी म्हटलं.

तिसऱ्यांदा मूठ दाबली.
खाली ते झिजलेलं रबर
आपलं आपण दबलं,
टाच तिरकी टेकणाऱ्या त्या माणसाने
पाय ठेवावा, तसं.
माझा डावा पाय शेजारी नुसता बसून,
लग्नघरात काही काम न सांगितलेल्या
पाहुण्यासारखा.
सोडली हळूहळू. निघाली.

“आता बघत काय बसलात,” वैजू म्हणाली,
“दुसरा टाका.”